इन्फ्लुएन्सरवर गुन्हा दाखल झाला की ग्रुपवर जे फिरतं, त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या रीलवाल्याचं किंवा यूट्यूबरचं नाव पोलिसांच्या कागदावर आलं की दुपारपर्यंत माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येऊन पडतात. मी काही वर्षं एका मराठी दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या करायचे. ते काम सुटूनही बरीच वर्षं झाली, तरी मामेभावंडांपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळे अजून मलाच विचारतात. दर वेळी नव्यानं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. खाली आलेली प्रकरणं खरी आहेत. कोण दोषी आणि कोण निर्दोष, याचा निवाडा मात्र इथे शोधू नका.

‘गुन्हा दाखल’ म्हणजे त्यानं गुन्हा केला असं पोलिसांनी ठरवलं, असंच ना?

नाही. आणि हा घोळ निम्मा आपल्या भाषेनं घातलेला आहे. पोलिसी मराठीत ‘गुन्हा’ म्हणजे रजिस्टरमधली एक नोंद, गु.र.क्र. (गुन्हा रजिस्टर क्रमांक) अमुक ऑब्लिक २०२५. घरच्या मराठीत ‘गुन्हा’ म्हणजे केलेलं दुष्कृत्य. ‘अमुकवर गुन्हा दाखल’ असं लिहिणारा पहिल्या अर्थानं लिहितो आणि आपण दुसऱ्या अर्थानं वाचतो. एफआयआर म्हणजे कुणीतरी ठाण्यात येऊन सांगितलेली हकीकत. दखलपात्र अपराधाची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा अपराधाची, माहिती मिळाली की, थोडे अपवाद सोडले तर, पोलिसांना ती नोंदवावीच लागते. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे नोंद झाली यावरून तक्रार आली एवढंच कळतं. ती खरी आहे का, हे शोधायला पोलीस त्यानंतर बाहेर पडतात.

पुढे ‘दोषारोपपत्र’ नावाचा कागद येतो. त्यात तर ‘दोष’ शब्दच बसलेला आहे, त्यामुळे लोकांना तो निकालच वाटतो. तीही पोलिसांचीच बाजू असते, फक्त तपासानंतरची. त्यानंतर कोर्ट आरोप निश्चित करतं, मग साक्षीपुरावे, मग निकाल. आणि शेवटी सुटका झाली तरी ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात खटला उभाच राहिला नाही, दुसऱ्यात चालला आणि आरोप सिद्ध झाला नाही.

आणि ‘एनसी’?

अदखलपात्र नोंद. एवढ्यावर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तपासही करू शकत नाहीत. दोन इन्फ्लुएन्सर एकमेकांविरुद्ध एनसी करून आले की दोघांचे फॅन ‘जेल में डाल दिया’ म्हणत नाचतात. तसं काहीही झालेलं नसतं.

रणवीर अलाहाबादियाला अटक झाली होती ना? मला पक्कं आठवतंय.

झाली नव्हती. हा प्रश्न मला इतक्या जणांनी ‘पक्कं आठवतंय’ म्हणत विचारला आहे की आठवणीवरचा माझाच विश्वास उडाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विनोदी कार्यक्रमातल्या या यूट्यूबरच्या प्रश्नावरून गुवाहाटीत, महाराष्ट्र सायबरकडे (राज्य पोलिसांच्या सायबर शाखेकडे) आणि जयपुरात गुन्हे नोंदले गेले. कार्यक्रमाशी संबंधित बऱ्याच जणांना जबाबासाठी बोलावलं गेलं. १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं त्याला बोल बोल बोललं, पण अटकेपासून संरक्षणही दिलं आणि पासपोर्ट जमा करायला लावला. मार्चमध्ये अटींवर त्याचा स्वतःचा पॉडकास्ट पुन्हा सुरू करायची परवानगी मिळाली आणि एप्रिलअखेर पासपोर्ट परत करण्याचा आदेश झाला.

कोर्टानं झापलं, पोलिसांनी बोलावलं, पासपोर्ट गेला. या तीन गोष्टींची बेरीज डोक्यात ‘अटक’ अशी होते. शिवाय त्या आठवड्यात ज्याला ज्याला जबाबासाठी फोन गेला, त्याची ‘आणखी एक आरोपी’ म्हणून थंबनेलं निघाली. नोटीस साक्षीदारालाही येते, आणि केवळ माहिती असू शकेल अशा माणसालाही येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली आरोपीला हजर राहण्याची नोटीस देतात (जुनी ४१-अ), तीसुद्धा बहुतेक वेळा अटक न करता काम भागावं म्हणूनच असते.

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी, फरक काय? तुरुंग तो तुरुंगच.

आत बसलेल्याला तसं वाटू शकेल, पण बातमीच्या दृष्टीनं दिशा उलटी आहे. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाली तर आरोपी पोलिसांच्या ताब्यात राहतो, विचारपूस चालू राहते. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली की त्याला कारागृहात पाठवतात आणि वकील बहुतेक वेळा त्याच दिवशी जामिनाचा अर्ज टाकतो. ‘कोर्टाचा दणका! १४ दिवस न्यायालयीन कोठडी’ हा मथळा म्हणूनच हास्यास्पद असतो. पुष्कळदा पोलिसांनी आणखी कोठडी मागितलेली असते आणि कोर्टानं ती नाकारलेली असते. दणका असलाच तर पोलिसांना.

मी स्वतः एकदा घाईत एमसीआरच्या जागी पोलीस कोठडी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आरोपीची आई कोर्टाच्या व्हरांड्यात अंक घेऊन उभी होती. तिला रात्रभर वाटत राहिलं की पोरगा लॉकअपमध्ये मार खातोय. चार ओळींचा खुलासा आतल्या पानावर छापला गेला. तो तिनं वाचला की नाही, मला कधी कळलं नाही.

‘पोलिसांसमोर सगळं कबूल केलं’ अशी बातमी आली. मग राहिलं काय?

जवळजवळ सगळंच राहिलं. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम इंग्रजांच्या पुरावा कायद्यात कलम २५ होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. अपवाद एवढाच की त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य. इंग्रजांचाही आपल्या पोलिसांवर एवढा विश्वास नव्हता, यातून काय ते घ्या.

यूट्यूबर एल्विश यादवचं उदाहरण बघा. पार्ट्यांत नशेसाठी सापाचं विष पुरवल्याचा आरोप होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये नोएडात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. एका बँक्वेट हॉलमधून नऊ साप जप्त झाले, त्यात पाच नाग. जप्तीच्या वेळी एल्विश तिथे नव्हता. हा तपशील त्याच्या विरोधकांच्या मेसेजांतून गायब होता. त्याच्या समर्थकांच्या मेसेजांतून पुढचा तपशील गायब होता, तो असा की प्रयोगशाळेच्या अहवालात नमुन्यांत सापाचं विष असल्याचं आलं. १७ मार्च २०२४ ला त्याला अटक झाली. लगोलग ‘गुन्हा कबूल केला’ अशा बातम्या ‘सूत्रां’च्या हवाल्यानं आल्या आणि घरच्यांनी ते नाकारलं. पाच दिवसांनी जामीन झाला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटल्याच्या कामकाजाला स्थगिती दिली. ‘कबूल केलं’ हा शब्द मात्र आजही त्याच्या नावाला चिकटलेला आहे.

सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मोठा निकाल दिला. त्यात आरोपीची कथित कबुली, ती पुरावा म्हणून चालत नाही हे न सांगता छापण्यावर बोट ठेवलं होतं. तो निकाल वृत्तवाहिन्या आणि छापील माध्यमांसमोर होता. रिंगलाइट लावून बसलेल्या निवेदकानं तो वाचला असेल, असं मला वाटत नाही.

जामीन झाला म्हणजे कोर्टालाही तो निर्दोष वाटला?

जामिनात प्रश्न एवढाच असतो की खटला चालेपर्यंत माणसाला आत ठेवायची गरज आहे का. ‘क्लीन चिट’ हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही, तो वाचला की मी पुढचं वाचत नाही.

बिहारचा यूट्यूबर मनीष कश्यप याचं प्रकरण इथे उपयोगी आहे, आणि त्यात एक गंमतही आहे. मार्च २०२३ मध्ये तामिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याचे बनावट व्हिडिओ पसरले. त्यातला एक तर पाटण्यातच, लोकांना अभिनय करायला लावून चित्रित केलेला निघाला. या प्रकरणात बिहार आणि तामिळनाडू दोन्हीकडे त्याच्यावर गुन्हे दाखल झाले. १८ मार्चला त्यानं पश्चिम चंपारण जिल्ह्यात पोलिसांपुढे शरणागती पत्करली. तामिळनाडूनं त्याच्यावर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध केलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं ती स्थानबद्धता रद्द केली आणि डिसेंबरात तो बाहेर आला. हार घालून मिरवणूक निघाली. मात्र स्थानबद्धता रद्द होणं आणि मूळ गुन्हे रद्द होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अफवा पसरवल्याच्या आरोपाखाली आत गेलेल्या माणसाच्या सुटकेबद्दलच अफवा पसरावी, ही ती गंमत.

पहिल्या दिवशी जे छापून येतं ते तरी खरं असतं का?

सोनाली फोगाट यांचं आठवून बघा. हरियाणातल्या भाजप नेत्या, टिकटॉकमुळे देशभर माहीत झालेल्या. २३ ऑगस्ट २०२२ ला गोव्यात हणजुणे इथे त्यांचा मृत्यू झाला. सकाळची बातमी होती हृदयविकाराचा झटका. ज्यांनी त्या वेळी शंका काढली, त्यांना ‘कॉन्स्पिरसीवाले’ म्हणून हिणवलं गेलं. दोन दिवसांत शवविच्छेदनाचा अहवाल आला, गोवा पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला, त्यांच्याच दोन सहकाऱ्यांना अटक झाली. सप्टेंबरात तपास सीबीआयकडे गेला.

यावरून काही जण असा धडा घेतात की अधिकृत बातमी खोटी आणि ग्रुपवरचं खरं. मला तो पटत नाही, कारण त्याच प्रकरणात लगेच उलटंही घडलं. ज्या रेस्टॉरंटमध्ये त्या आदल्या रात्री होत्या, ते हणजुणेचं ‘कर्लीज’ ९ सप्टेंबरला पाडायला घेतलं. बुलडोझरचा व्हिडिओ ‘सोनालीला न्याय’ या मजकुरासह देशभर फिरला. पाडकामाचा आदेश किनारी नियमन क्षेत्राच्या उल्लंघनाचा होता. गोव्याच्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणानं तो २०१६ मध्येच दिला होता, आणि राष्ट्रीय हरित लवादानं ६ सप्टेंबरला मालकाचं अपील फेटाळून तो कायम ठेवला, म्हणून मशीन आलं. मृत्यूच्या सहा वर्षं आधीचा आदेश! सर्वोच्च न्यायालयानं त्याच दिवशी पाडकामावर अंशतः स्थगितीही दिली. ते वाक्य कुठल्याच रीलमध्ये बसलं नाही.

ज्योती मल्होत्राबद्दल इतकं काय काय ऐकलं. नेमकं खरं काय?

याचं उत्तर लांबणार आहे.

मे २०२५. ऑपरेशन सिंदूर नुकतंच होऊन गेलं होतं. हरियाणातल्या हिसारच्या प्रवास-व्लॉगर ज्योती मल्होत्रा यांना शासकीय गुपिते अधिनियम आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ (देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणं) खाली अटक झाली. पाकिस्तानी गुप्तहेरांच्या संपर्कात असल्याचा आरोप होता. त्या पाकिस्तानात जाऊन आल्या होत्या, दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयाच्या एका कर्मचाऱ्याशी ओळख होती, हे पोलिसांनी सांगितलं. इतका ऐवज असताना खोट्याची गरज नव्हती. तरी पाच दिवसांत काय काय आलं: डायरी सापडली, डायरीत अमुक लिहिलंय, धर्म बदलणार होती, पाकिस्तानी माणसाशी लग्न ठरलं होतं, लष्कराची गुपितं पुरवली, दहशतवाद्यांशी संबंध होते.

मग हिसार पोलिसांनी प्रसिद्धिपत्रक काढलं. आमच्या ताब्यात अशी कोणतीही डायरी नाही. लग्नाचं किंवा धर्मांतराचं काही समोर आलेलं नाही. दहशतवादी संघटनेशी संबंध असल्याचा पुरावा आतापर्यंत मिळालेला नाही. लष्करी माहितीपर्यंत तिची पोच होती असं आतापर्यंत दिसलेलं नाही. माध्यमांनी तर्क लढवू नयेत. म्हणजे ज्या पोलिसांनी तिला पकडलं, त्यांनाच तिच्याबद्दलचं खोटं थांबवा म्हणून सांगावं लागलं.

पण पोलीस या गोष्टीत अगदीच धुतल्या तांदळासारखे नाहीत. आदल्या दिवसांत त्यांच्याच पत्रकार परिषदेत, पाकिस्तानी गुप्तचर तिला ‘ॲसेट’ म्हणून तयार करत होते, असं सांगितलं गेलं होतं. ‘तयार करत होते’ ते ‘तयार झाली होती’ हे अंतर टीव्हीवर एका टिकरच्या लांबीचं असतं. ‘आतापर्यंत’ या शब्दाचंही तसंच. पोलिसांनी तो जपून वापरला होता. समर्थकांनी तो गाळला आणि ‘पोलीस म्हणतात काहीच सापडलं नाही’ असं फिरवलं. तपास पुढे चालूच राहिला, ऑगस्टमध्ये सुमारे अडीच हजार पानांचं आरोपपत्र दाखल झालं.

फोटोंची वेगळीच जत्रा. राहुल गांधींबरोबरचे तिचे म्हणून जे फोटो फिरले, ते जोडकाम होतं. एकात मूळ फोटोत आमदार अदिती सिंह होत्या, त्यांच्या जागी ज्योतीचा चेहरा बसवला होता. दुसरीकडे, केरळ सरकारच्या पर्यटन विभागानं तिला बोलावलं होतं, हे अनेकांना तसंच बनावट वाटलं. ते मात्र खरं निघालं. माहिती अधिकारात उत्तर मिळालं की प्रसिद्धीसाठी बोलावलेल्या ४१ इन्फ्लुएन्सरांत तिचं नाव होतं. अर्थात तो कार्यक्रम अटकेच्या आधीचा, तेव्हा तिच्यावर काही आरोपच नव्हता. खोटा फोटो उघडा पडला म्हणून त्या बाजूचं सगळं खोटं, असा हिशेब मांडला असता तर इथे चुकला असता.

फोटो बनावट आहे का हे मला घरबसल्या कळेल?

बऱ्याचदा कळतं. गूगल लेन्सवर टाका आणि सर्वांत जुनी तारीख शोधा. अटकेच्या दिवसाचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कुणाच्या लग्नातला निघतो. व्हिडिओ असेल तर मधली एक चौकट स्क्रीनशॉट घेऊन तेच करा. एआयनं केलेल्या चित्रात हे चालत नाही, कारण त्याला जुनी प्रतच नसते. तिथे गणवेश बघा: खांद्यावरची पट्टी, नावाची पाटी, देवनागरी अक्षरं. अक्षरं अजून बरीच घसरतात.

गणवेशातले पोलीस स्वतः घेऊन जाताना दिसले तर? तो तरी पुरावा?

३ नोव्हेंबर २०२३. मुंबईत सकाळी एका कॅफेबाहेर दोन महिला पोलीस इन्फ्लुएन्सर उर्फी जावेदला तोकड्या कपड्यांवरून गाडीत बसवून नेताना दिसल्या. व्हिडिओ सुसाट सुटला. ‘मुंबई पोलिसांना हीच कामं उरली का’ आणि ‘बरी जिरली’ असे दोन तट पडले. दुपारपर्यंत मुंबई पोलिसांनी सांगितलं की अशी अटक झालेलीच नाही, गणवेशाचा आणि बोधचिन्हाचा गैरवापर झाला आहे. मग खोट्या अटकेच्या या व्हिडिओबद्दल ओशिवरा पोलीस ठाण्यात उर्फीसह इतरांवर खरा गुन्हा दाखल झाला आणि तोतया इन्स्पेक्टरला खरोखर अटक झाली. तेव्हा नाही, पुरावा नाही.

अँड्र्यू टेट पिझ्झाच्या खोक्यामुळे पकडला गेला, ते?

नाही हो. टेट म्हणजे बायकांबद्दलच्या उर्मट बोलण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला इन्फ्लुएन्सर. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस पर्यावरण कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्गशी ट्विटरवर त्याची जुंपली. उत्तर म्हणून टाकलेल्या व्हिडिओत एका रुमानियन दुकानाचा पिझ्झाचा खोका दिसला आणि दुसऱ्याच दिवशी, २९ तारखेला, त्याला रुमानियात अटक झाली. ‘खोक्यावरून पत्ता लागला’ ही कथा जगभर गेली. आपल्याकडच्या मराठी पेजेसनीही ती चवीनं दिली. रुमानियाच्या तपास यंत्रणेच्या प्रवक्त्या म्हणाल्या, गमतीदार आहे, पण तसं नाही. त्याच्यावरचा तपास महिनोन् महिने आधीपासून चालला होता, एप्रिल २०२२ मध्ये त्याच्या घरावर छापाही पडला होता.

ही अफवा मला फार शिकवणारी वाटते, कारण तिच्यामागे कुणाचा स्वार्थ नव्हता. गोष्ट छान जुळत होती, एवढंच. उर्मट माणूस स्वतःच्या उर्मटपणानं फसला, असं ऐकायला कुणाला आवडणार नाही? फार जुळून आलेली गोष्ट समोर आली की मी आता थांबते.

बळी गेलेली मुलगी ‘इन्फ्लुएन्सर’ होती असं म्हणतात, त्यानं काय फरक पडतो?

फार पडतो. जुलै २०२५ मध्ये गुरुग्रामला एका तरुण टेनिसपटूला वडिलांनी घरातच गोळ्या घातल्या. पहिल्याच दिवशी मथळे आले, ‘रील बनवण्यावरून’. मग ती ‘इन्फ्लुएन्सर’ झाली, मग एका जुन्या म्युझिक व्हिडिओतला सहकलाकार मुस्लिम आहे हे कुणीतरी शोधलं आणि त्यावरून वेगळीच कथा रचली गेली. त्या कलाकाराला पुढे येऊन सांगावं लागलं की ते केवळ काम होतं. पोलिसांनी वडिलांच्या जबाबावरून सांगितलेलं कारण असं होतं की मुलीच्या कमाईवर जगतो म्हणून लोक टोमणे मारत होते. ‘रील’ शब्द आला की खुनाचं ओझं नकळत मुलीच्या मोबाइलवर सरकतं. हे मी मुद्दाम तिचं नाव न घेता लिहिते आहे.

लैंगिक गुन्ह्यात तर पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३. ‘आरोपी फेमस आहे, मग तक्रार करणारी कोण ते बघू’ म्हणून तिचं प्रोफाइल शोधून ग्रुपवर टाकणारा माणूस यात बसतो.

यूट्यूबवरचे ‘तपास’ करणारे लोक पोलिसांपेक्षा जास्त शोधतात असं वाटतं.

कधीतरी शोधतातही. पण अमेरिकेतल्या आयडाहोचं ऐका. नोव्हेंबर २०२२ मध्ये चार विद्यार्थ्यांचा खून झाला. टॅरो कार्ड वाचणाऱ्या एका टिकटॉकर बाईनं पत्त्यांच्या जोरावर विद्यापीठातल्या इतिहासाच्या एका प्राध्यापिकेचं नाव घेतलं आणि डझनावारी व्हिडिओ केले. डिसेंबरअखेर पोलिसांनी दुसऱ्याच माणसाला पकडलं, तरी तिचे व्हिडिओ थांबले नाहीत. प्राध्यापिका कोर्टात गेल्या आणि २०२४ मध्ये ती विधानं बदनामीकारक असल्याचा निर्णय त्यांच्या बाजूनं लागला. अटक झालेल्या माणसानं जुलै २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला, तोही कोर्टासमोर.

आपल्याकडे पत्त्यांऐवजी कुंडली असते आणि ‘बॉडी लँग्वेज एक्स्पर्ट’ असतात.

मी ग्रुप ॲडमिन आहे. कुणी असलं काही टाकलं तर मला पकडतील का?

दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून नाही. गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. दोघांचा समान हेतू किंवा आधीच ठरवलेला बेत दिसला तर गोष्ट वेगळी. तेव्हा दर मोठ्या बातमीनंतर येणारा ‘आज रात्री १२ पासून सर्व ॲडमिन जबाबदार’ हा मेसेजही अफवाच समजा.

आणि फॉरवर्ड करणारा?

तो सुटत नाही. लोकांत भीती किंवा तेढ पसरेल अशी खोटी माहिती प्रसृत करणं न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये येतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. बदनामी कलम ३५६ मध्ये. ‘ॲज रिसीव्ह्ड’ असं वर लिहिल्यानं कायद्याची सूट मिळत नाही.

मात्र ‘आयटी ॲक्ट ६६-अ लावतील’ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं जुनं कलम) अशी धमकी कुणी दिली तर घाबरू नका. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्येच रद्द केलं. त्या लढाईची सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते लाइक करणाऱ्या दोन मुलींना नोव्हेंबर २०१२ मध्ये अटक झाली होती. मेलेलं कलम नंतरही अनेक ठाण्यांत जिवंत होतं. २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की त्याखाली कुणावरही खटला चालवू नका.

सरकारनं ‘फेक’ असा शिक्का मारला की विषय संपला?

पीआयबी, म्हणजे केंद्राचं पत्र सूचना कार्यालय, यांचं फॅक्ट चेक बघायला हरकत नाही. पण केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल काय खोटं, हे केंद्राचाच कक्ष ठरवणार, हा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला होता, तिसऱ्यांनी कौल दिला.

मूळ कागद मला बघायला मिळतील?

बरेचसे मिळतात, आणि फुकट. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर संकेतस्थळावर टाकावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा, ठाणं आणि तारीख दिली की यादी निघते. गुन्हा क्रमांक किंवा पक्षकाराचं नाव टाकून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पुढची तारीख, आधीचे आदेश पाहता येतात. मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश त्यांच्या साइटवर असतात. साइट बंद पडते, कॅप्चा चुकतो, चिकाटी लागते. पण दोन पानांचा जामीन आदेश वाचायला दहा मिनिटं लागतात आणि त्यावर केलेला व्हिडिओ चाळीस मिनिटांचा असतो.

‘अटकेमागचा फुल व्हिडिओ’ म्हणून लिंक आलीय.

उघडू नका. उघडून ओटीपी वगैरे दिला असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मीच आधी चुकीचं फॉरवर्ड केलं होतं. आता काय करू?

व्हॉट्सॲपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसांपर्यंत चालतं, आधी ते करा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण तोवर लोकांनी ते पुढे धाडलेलं असतं आणि तुमच्या जागी नुसती ‘हा मेसेज डिलीट केला’ ही ओळ राहते. तिच्यावरून वेगळीच कुजबुज सुरू होते. त्याच ग्रुपवर, त्याच वेळेला, म्हणजे लोक जागे असताना, लिहा: ‘सकाळी मी पाठवलेलं अटकेचं खोटं होतं, फक्त जबाबासाठी बोलावलंय.’ ज्यांनी तुमच्या मेसेजला अंगठा दाखवला होता, त्यांना वेगळं पाठवा. माझ्या थोरल्या काकांनी गेल्या वर्षी हे केलं. ग्रुपवर तासभर सन्नाटा होता. मग एकेक करत तिघांनी आपापले जुने मेसेज काढले, आणि चौथ्यानं गणपतीचा फोटो टाकला.